तोंडाला फेस येईपर्यंत

अर्ज देऊन परवा अकरा आठवडे झाले. विषय : ‘न्हाणीघरात बोअरऐवजी नळाचे पाणी मिळणेबाबत.’ कारण लिहिल्याशिवाय अर्ज कमिटीपुढे जात नाही, असं सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. म्हणून त्यांच्यासमोर बसूनच लिहिलं, ‘साबणास फेस येत नाही.’ त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाजवळ नेला.

“कपड्याच्या साबणाले?”

“नाही, दाढीच्या.”

“मग क्रीम लावा न भाऊ. अर्ज कायले करून राह्यले?”

हे सगळं एका कांडीपायी झालं. एप्रिलमध्ये भाचा कामासाठी इस्तंबूलला जाऊन आला आणि मामाला म्हणून आर्को या तुर्की ब्रँडची दाढीच्या साबणाची कांडी घेऊन आला. 75 ग्रॅमची, अंगठ्याहून चांगली जाड, कागदात गुंडाळलेली, लिंबाच्या वासाची. आमच्या घरी दाढीचा साबण म्हणजे बाबांचा वाटीतला गोल साबण, आणि माझ्यापासून पुढे नळीतली क्रीम. कांडी मी पहिल्यांदाच हातात धरत होतो. भाच्याने एका दमात शिकवून टाकलं : “वाटी नाही, कप नाही. गाल ओला करायचा, कांडी घासायची, वरून ब्रश फिरवायचा. झालं.”

कोणी “झालं” म्हणालं की आता मला धडकीच भरते.

बाबांनी कागदावरचं बारीक छापलेलं वाचून विचारलं, “टॅलोएट म्हणजे काय रे?” टॅलो म्हणजे जनावराची चरबी. बाबा माळकरी. मी कांडी उचलून वेगळ्या डबीत ठेवली, डबी कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि तो विषय तिथेच राहिला. तुमच्याही घरी हा प्रश्न येणार असेल तर विकत घेण्याआधी घटक वाचा. नुसत्या वनस्पती तेलाच्या कांड्याही मिळतात.

पहिल्या दिवशी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. गालावर कांडी घासली, पांढरा थर बसला, ब्रश फिरवला. अर्ध्या मिनिटात फेस आलाही. मोठाले बुडबुडे, भांडी घासताना येतात तसे. आणि वस्तरा हातात घेईस्तोवर ते बसले. गालावर उरली ती चुन्याचा हात मारल्यासारखी कोरडी पांढरी पापडी. बेसिनमध्ये पाहिलं तर नासलेल्या दुधासारखे बारीक करडे कण कडेला चिकटलेले. ब्लेड खरडत गेलं. हनुवटीखाली दोन ठिकाणी रक्त.

असे तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत मी पाणी सोडून बाकी सगळ्यांना दोषी धरलं.

आधी ब्रशला. जुना ब्रश मऊ पडलाय म्हणून नागपूरच्या इतवारी बाजारात जाऊन नवा आणला, राठ केसांचा. दुकानदाराने सांगितलं डुकराच्या केसांचा आहे. ते मी बाबांना सांगितलं नाही. (असा ब्रश नवीन असताना पाच-सात मिनिटं पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, नाहीतर केस नुसते टोचतात. पहिले आठ दिवस त्याला ओल्या बकरीचा वास येतो. घाबरू नये, जातो. प्लास्टिकच्या धाग्यांचा ब्रश घेतलात तर या दोन्ही कटकटी नाहीत.) फेस तसाच.

मग हाताला. पाणी जास्त होतंय, कमी होतंय, ब्रश गोल फिरवू की रंगाऱ्यासारखा वरखाली मारू. मग उन्हाला. मे लागला होता, पारा 45 च्या आसपास, कूलर चोवीस तास. यात तथ्य आहे, म्हणून इथेच सांगून टाकतो : आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला फेसही कूलरच्या झोतात वाळतो. बाथरूमचं दार लावून घ्या आणि एका वेळी एकच गाल माखा. पण माझा फेस तर बंद दाराआडही मरत होता.

चौकातल्या सलूनमध्ये विचारलं. गेली वीस वर्षं तिथेच केस कापतो. सलूनवाला म्हणाला, “साबण काऊन घासता तोंडावर? मी तं क्रीम पिळतो भस्सकन, अन् देतो फेस.” तेव्हा मी हसलो. त्या ‘भस्सकन’मध्येच उत्तर होतं ते नंतर कळलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात महाल भागात दादाकडे मुक्काम होता. सकाळी त्याच्या जुन्या बेसिनवर तीच कांडी, तोच ब्रश, तोच मी. ब्रश फिरवायला लागलो आणि फेस थांबेचना. घट्ट, सायीच्या दह्यासारखा, वर चमक. नाकात, कानाच्या पाळीला, बनियनवर. वहिनी दारातून पाहून म्हणाली, “भाऊजी, दाढी करून राह्यले का गणपती रंगवून राह्यले?” ब्लेड कधी फिरलं ते कळलंही नाही. दादाकडे सगळ्या घरात एकच पाणी येतं, कॉर्पोरेशनच्या नळाचं, म्हणजे पेंच-कन्हान नद्यांचं. आमच्या प्रतापनगरच्या बिल्डिंगमध्ये दोन टाक्या. नळाचं पाणी फक्त स्वयंपाकघरात. बाथरूम, गिझर, वॉशिंग मशीन सगळं बोअरवर.

शाळेत सातवी-आठवीच्या विज्ञानात ‘दुष्फेन पाणी’ हा शब्द पाठ केला होता, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारं कठीण पाणी. त्या शब्दातच फेस आहे, हे पन्नाशीत कळलं.

घरी आलो आणि प्रयोग सुरू केले. एकसारख्या लहान बाटल्या, प्रत्येकीत अर्धं पाणी, कांडीचा चाकूने खरवडलेला चिमूटभर भुगा, आणि दहा वेळा हलवणं. बोअरच्या बाटलीत वर बोटभर बुडबुडे, मिनिटात गायब, खाली गढूळ पाणी आणि तेच करडे कण. नळाच्या बाटलीत फेस बुचापर्यंत. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आठवलं, घरात कॅन होताच. त्याचा फेस पंधरा मिनिटांनीही हलला नव्हता. बायको म्हणाली, “आता बॅटरीच्या पाण्याने दाढी कराल.” नाही केली, पण मनात येऊन गेलं.

एक मूर्खपणा कबूल करतो. आमचं आरओ मशीन बोअरच्या लाइनवर आहे, उन्हाळ्यात नळ दगा देतो तेव्हासाठी. त्याचं वाया जाणारं पाणी आम्ही बादलीत धरून पोछ्याला वापरतो. मला वाटलं, आरओचं आहे ना, मग मऊच असणार. फुकटात काम झालं. त्या दिवशी गालावर फेस नव्हे, पिठलं झालं. आरओ जे क्षार गाळून काढतं ते सगळे त्या बादलीतच तर येतात! मूळ बोअरपेक्षाही वाईट पाणी. तुम्ही ही चूक करू नका.

उकळून पाहिलं. उकळल्यावर पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तेवढा क्षार कमी होतो आणि फेस थोडा सुधारतो. पण दुष्फेनतेचा जो भाग उकळूनही जात नाही, तो आमच्या बोअरमध्ये भरपूर असावा. तुरटी फिरवून पाहा असं वॉचमनने सुचवलं. तुरटीने गाळ खाली बसतो, कठीणपणा जात नाही. उलट तुरटी साबणाची वैरीच आहे. दाढी झाल्यावर तुरटी फिरवायची सवय असेल तर ती अगदी शेवटी. मधेच फिरवून पुन्हा साबण लावायला गेलात तर फेस फाटतो.

आरओचा मेकॅनिक आला तेव्हा त्याचं मीटर मागून घेतलं. बोअर 870, नळ 210, लिटरला मिलीग्रॅममध्ये. तो आकडा विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा असतो. साबणाला त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नडतं. ते आधी साबणाला धरून न विरघळणारा चोथा करतात, आणि त्यांचं पोट भरल्यावर उरलेला साबण फेसाच्या कामी येतो. म्हणून सलूनवाल्याचं ‘भस्सकन’ चालतं : इतकी क्रीम पिळायची की पाण्याला खाऊ घालूनही उरेल. मीही इतकी वर्षं नळी तशीच पिळत होतो, त्यामुळे पाण्यावर संशयच आला नाही. कांडीतून मात्र गालाला लागतो तेवढाच साबण निघतो. बोअरच्या पाण्यावर अडलात तर दुप्पट-तिप्पट घासा, बऱ्यापैकी निभतं. पण कांडी डोळ्यांदेखत झिजते.

एवढं कळल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. अर्ज केला.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे लिफ्टच्या मागची खोली. उघडी सोमवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सात ते साडेआठ. पहिल्या सोमवारी कुलूप. गुरुवारी कळलं की अर्ज दोन प्रतींत लागतो. पुढच्या सोमवारी दोन प्रती नेल्या, तर वर लिहिलेला कारणाचा प्रकार. मी सोबत पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाचा, आयएस 10500 चा, कागद जोडला होता. त्यात कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलीग्रॅम आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर 600. सेक्रेटरी म्हणाले, “हे पिण्याच्या पाण्याचं हाय. तुम्ही दाढीचं पाणी पिता का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवक नंबर त्यांनी पेन्सिलीने टाकला. पेन्सिलीने! मी तेव्हाच समजायला हवं होतं.

पहिल्या मीटिंगला कोरम झाला नाही. दुसरीत पार्किंगवरून भांडण झालं. तिसऱ्या आठवड्यात प्लंबर आला, त्याने डक्टमधल्या पाइपवर पाना आपटून आवाज ऐकला आणि म्हणाला, “चारही माळ्यांची लाइन नवी टाका लागते.” इस्टिमेट देतो म्हणून गेला, तो गेलाच. कमिटीतल्या एकाने लिफ्टमध्ये गाठून विचारलं, “एका दाढीसाठी सगळ्यांनी वर्गणी द्यायची का?” मी गिझरच्या कॉइलवर चढणाऱ्या थराचं सांगितलं, वॉशिंग मशीनचं, बायकांच्या केसांचं सांगितलं. चौथ्या माळ्यावर येईस्तोवर ते नुसते आकड्यांचे दिवे पाहत होते. आता तर तिसऱ्या माळ्यावरचे काका जिन्यात भेटले की नमस्कार-चमत्कार राहिला बाजूला, “आला का फेस?” एवढंच विचारतात. आलाय, काका. अर्जाच्या मागे धावून तोंडालाच आलाय.

दरम्यान मी काय करतो? स्वयंपाकघरातून एक तांब्या नळाचं पाणी बाथरूममध्ये नेतो. एवढंच. हिवाळ्यात गॅसवर कोमट करीन. तीन आठवडे रक्त काढलं त्याचं औषध बारा पावलांवर होतं. सुरुवातीला बायकोचं म्हणणं, “प्यायचं पाणी दाढीला?” तेव्हा मोजून दाखवलं, पूर्ण दाढीला तांब्याही संपत नाही. चेहराही त्याच पाण्याने भिजवा. बोअरने तोंड धुऊन मग नळाचं पाणी वापरलंत तर पहिला थर बिघडतोच.

आता पद्धत, जशी माझ्या हाताला बसली तशी. कांडीचं टोक पाण्यात बुडवून काढायचं. केस ज्या दिशेला वाढतात त्याच्या उलट घासायचं, म्हणजे खुंट किसणीचं काम करतात. मिशी आणि हनुवटीवर जरा जास्त, गळ्यावर हलक्या हाताने. ब्रश झटकून जवळजवळ कोरडा घ्यायचा. पहिल्यांदा घट्ट पेस्ट होते. ती पाहून पाणी ओतायचा मोह होतो, आवरायचा. फक्त केसांची टोकं पाण्याला टेकवून पुन्हा फिरवायचं, असं तीन-चारदा. चमक आली, बुडबुडा दिसेनासा झाला की थांबायचं. दीड-दोन मिनिटं लागतात. दुसऱ्यांदा वस्तरा फिरवायचा तर ब्रशमध्ये फेस उरलेला असतो, कांडी परत घासावी लागत नाही. घाई असेल त्या दिवशी क्रीमच वापरा, मी वापरतो.

पुटकुळ्या किंवा चिरलेली जागा असेल तिथे कांडी घासू नका, बोटाने साबण लावा. आणि कांडी कोणाशी वाटून घेऊ नका. भाचा आला की मागतो, मी देत नाही.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा आणि सोडियमचा असे दोन्ही साबण असतात. सोडियमचा कांडी उभी ठेवतो. पोटॅशियमचा मऊ, त्याला फेस लवकर येतो, पण तो ओल धरतो. जुलैत बंद डबीतली कांडी बुडाशी लिबलिबीत झाली. तेव्हापासून वापरल्यावर टोक पुसून, तासभर खिडकीत उभी करून मगच डबीत. कागद पूर्ण काढू नका, धरायला तोच उपयोगी पडतो. झिजेल तसा फाडत जा.

दिवसाआड दाढीला माझी कांडी अजून निम्मी आहे, आणि त्यातली बरीचशी तर त्या तीन आठवड्यांत बोअरने खाल्ली. बोटात धरता येणार नाही इतकी उरली की तुकडा ओला करून बाबांच्या जुन्या वाटीच्या बुडाला दाबून बसवायचा विचार होता. मग चरबीचं आठवलं. वाटी नवीन घेईन.

गुरुवारी पुन्हा ऑफिसात गेलो होतो. अर्ज सापडला, पण आवक नंबर पुसट झाला होता. सेक्रेटरी म्हणाले, “दुसरा द्या न लिहून. अन् या खेपेले कारण जरा मोठं लिहा.”