तुम्ही विचारलंत म्हणून: फिशटँकमधल्या झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) द्यावा का?

टाकीतला हिरवा गालिचा बघितला की पाहुणे हमखास विचारतात, 'सीओटू लावलाय ना? आम्हीही लावावा का?' टाकीत झाडांची बाग फुलवणारे जपानी कलाकार ताकाशी अमानो यांच्या टाक्यांचे फोटो पाहिलेले तर हा प्रश्न मनात घेऊनच येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. ते झाडं ठरवत नाहीत, तुमचा दिवा ठरवतो. म्हणून आधी मीच विचारते, दिवा केवढा आहे आणि रोज किती तास चालू असतो?

असं का, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी यंत्रसामग्री पुढे यावरच उभी आहे.

झाडाच्या सुक्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कार्बनचा असतो. नायट्रेट, पोटॅश, लोह यांच्या बाटल्यांवर आपण तासन्‌तास बोलतो, पण झाड मुख्यतः बनतं ते कार्बनचं. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण ०.६ मिलिग्रॅम सीओटू असतो. नवल म्हणजे एक लिटर हवेतही तो जवळपास तेवढाच असतो. मग जमिनीवरचं झाड सुखात आणि पाण्यातलं उपाशी, असं का व्हावं? कारण पाण्यातून वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट सावकाश सरकतो. पानाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ निश्चल थर असतो. त्यातला सीओटू पानाने ओढून घेतला की बाहेरचा आत पोचेपर्यंत पान ताटकळतं. टाकीत आपण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम सीओटू राखतो, म्हणजे समतोलाच्या तीस ते पन्नासपट, तो हा थर ओलांडून पुरेसा वायू आत जावा म्हणून. पाणी टाकीभर फिरतं ठेवणंही त्यामुळेच महत्त्वाचं. फिल्टरच्या प्रवाहात कोपऱ्यातली पानंसुद्धा हलकेच डुलायला हवीत.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. आपण 'पाण्यातली झाडं' म्हणून जी आणतो त्यातली बरीचशी मुळात दलदलीतली, काठावरची असतात. रोटाला, लुडविजिया, हायग्रोफिला, क्रिप्टोकोरिन ही वर्षातला काही काळ पाण्याबाहेर काढतात. रोपवाटिकेतही ती बहुधा हवेतच वाढवतात, कारण तिथे सीओटूची चणचण नसते आणि शेवाळही धरत नाही. अशी झाडं आपण पाण्यात बुडवली की हवेसाठी घडलेली पानं निरुपयोगी होतात आणि गळतात. झाडाला पाण्याखालची पातळ पानं नव्याने काढावी लागतात, आणि नेमकं तेव्हाच कार्बन अपुरा पडतो. पहिल्या काही आठवड्यांतली ही गळती पाहून लोक खत वाढवतात, दिवा वाढवतात. दोन्ही टाळा, झाडाला वेळ द्या.

याउलट व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला या अस्सल पाण्यातल्या. सीओटू संपला की त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवतात. पाणी जड असेल तर त्यांच्या पानांवर चुन्याची पांढरट साय दिसते, ती याच खटपटीची खूण.

आता दिवा. प्रकाश वाढला की झाडाची कार्बनची मागणी वाढते. मागणी वाढली आणि पुरवठा तोच राहिला की वाढ अडते. झाड अशक्त होतं, जुनी पानं कुजायला लागतात, आणि त्या पानांवर शेवाळ बसतं. 'शेवाळ झालंय, कोणतं औषध टाकू?' असं विचारणाऱ्यांच्या टाकीत मला बहुतेक वेळा दिवाच जास्त आढळतो. त्यामुळे दिवा मंद आणि रोज सहा-सात तास असेल, आणि अनुबियास, जावा फर्न, बुसेफॅलँड्रा, मॉस, क्रिप्टोकोरिन अशी सावकाश वाढणारी झाडं हवी असतील, तर सीओटूवाचून काहीही अडत नाही. माझी एक टाकी तशीच आहे आणि ती मला दुसरीपेक्षा तसूभरही कमी आवडत नाही. एचसी क्युबा या इवल्या पानांच्या झाडाचा दाट गालिचा किंवा लालभडक रोटाला मॅक्रँड्रा हवी असेल, तर मात्र प्रकाश वाढवावा लागेल, आणि मग सीओटू हवाच. आधी प्रखर दिवा आणि 'गॅस पुढे बघू' हा क्रम कृपा करून नको. उलटा क्रम चालतो, कारण मंद प्रकाशातही सीओटू मिळाला तर झाडं सुधारतात. कार्बन मिळवण्यात खर्ची पडणारी शक्ती त्यांना वाढीसाठी वापरता येते.

बाटलीत साखर आणि यीस्ट घालून गॅस बनवता येतो, पण तो सुरुवातीला जोरात येतो, नंतर मंदावतो, थंडीत आणखी मंदावतो, आणि रात्री बंद करता येत नाही. सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याचा संच त्याहून बरा, त्याला व्हॉल्व्ह तरी असतो. 'लिक्विड कार्बन' म्हणून विकतात त्या द्रावणात सहसा ग्लुटाराल्डिहाइड असतं, तेच जे उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. त्याने शेवाळ मरतं खरं, पण त्याला सीओटूचा पर्याय म्हणता येत नाही, आणि व्हॅलिसनेरिया त्याने विरघळून जाते.

म्हणून खर्च करायचाच तर सिलिंडरवर करा.

सिलिंडरची भीती अनेकांना वाटते. सीओटू पेटत नाही, उलट आग विझवायला वापरतात. पण दाब खरा आहे. २० अंश सेल्सिअसला आत सुमारे ५७ बार दाब असतो आणि उष्णतेने तो झपाट्याने चढतो, म्हणून सिलिंडर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही. तो कायम उभा आणि पट्ट्याने बांधलेला हवा, कारण आडवा पडला तर द्रवरूप सीओटू दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये शिरतो. दुसरी गोष्ट खोलीची. दोन किलो सीओटू म्हणजे बाहेर आल्यावर १.१ घनमीटरच्या आसपास वायू. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो सगळा एकदम सुटला तर हवेतलं प्रमाण चार टक्क्यांच्या घरात जातं, आणि ते माणसाच्या जिवाला धोक्याचं आहे. शिवाय तो हवेपेक्षा दीडपट जड, जमिनीलगत साचतो. खिडकी नसलेल्या, कोंदट झोपायच्या खोलीत सिलिंडर ठेवू नका, हे मी हट्टाने सांगते. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा, आणि सिलिंडर बदलला की वॉशरही तपासा.

सिलिंडरवरचा प्रेशर गेज मात्र फसवा असतो. आत द्रव आणि वायू एकत्र असतात, त्यामुळे स्वयंपाकाच्या गॅससारखंच, द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब तेवढाच राहतो. काटा घसरायला लागला म्हणजे द्रव संपलेला असतो. किती उरलाय हे जाणून घ्यायचं तर वजन करा. साध्या सिंगल स्टेज रेग्युलेटरला हाच शेवटचा टप्पा जड जातो. आतला दाब पडतो तसा बाहेरचा दाब वाढू शकतो, बुडबुड्यांचा वेग बेसुमार होतो, आणि मासे अडचणीत येतात. म्हणून माझी पसंती दोन टप्प्यांत दाब उतरवणाऱ्या ड्युअल स्टेज रेग्युलेटरला. सगळ्या साहित्यात एकाच वस्तूवर हात सैल सोडायचा असेल तर तो इथे सोडा.

रेग्युलेटरनंतर सोलेनॉइड व्हॉल्व्ह, जो टायमरवर गॅस चालू-बंद करतो. मग गॅसचा वेग बारकाईने ठरवणारा नीडल व्हॉल्व्ह. तो चांगल्या प्रतीचा नसेल तर आज लावलेला वेग उद्या तसाच मिळत नाही. मग बबल काउंटर आणि चेक व्हॉल्व्ह. चेक व्हॉल्व्ह नसेल तर गॅस थांबल्यावर टाकीतलं पाणी नळीतून मागे येऊन सोलेनॉइडमध्ये शिरतं. नळी सिलिकॉनची नको, तिच्यातून सीओटू झिरपतो. पॉलियुरेथेनची घ्या. गॅसचे बारीक बुडबुडे करणारा सिरॅमिक डिफ्यूझर टाकीच्या तळाजवळ बसवा, म्हणजे बुडबुड्यांना वर येईपर्यंत विरघळायला वेळ मिळतो. मोठ्या टाकीला फिल्टरच्या नळीत बसणारा इनलाइन डिफ्यूझर किंवा रिॲक्टर जास्त सोयीचा.

'सेकंदाला किती बुडबुडे?' याला माझ्याकडे आकडा नाही, कारण तो कुणालाच लागू पडत नाही. बुडबुड्याचा आकार काउंटरप्रमाणे बदलतो, आणि पाण्याचा पृष्ठभाग किती हलतो त्यावर किती गॅस उडून जातो ते ठरतं. मोजायचं ते पाण्यातलं प्रमाण. त्यासाठी ड्रॉप चेकर. त्याच्या काचेच्या फुग्यात केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ४ चं तयार पाणी आणि आम्लतेप्रमाणे रंग बदलणारं ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. तिथे टाकीतलं पाणी घालायचं नाही, नाहीतर रंगाचा अर्थच बदलतो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त. पण हा रंग तासा-दोन तासांपूर्वीची स्थिती सांगतो, आत्ताची नाही. जोडीला पीएच मीटर असेल तर फार बरं. केएच तोच असताना पीएच एका अंकाने उतरला म्हणजे सीओटू दहापट झाला. सकाळी गॅस सुरू होण्याआधी पाण्यात ३ मिलिग्रॅम असेल, तर एक अंक खाली ३० झालेला असतो.

झाडांना प्रमाणाइतकंच सातत्य लागतं. कमी सीओटूत झाड कार्बन पकडणारं एन्झाइम, रुबिस्को, मोठ्या प्रमाणात बनवतं आणि मुबलक सीओटूत ते कमी करतं. हा फेरबदल एका दिवसात होत नाही. आज भरपूर, उद्या निम्मा, परवा सिलिंडर रिकामा, अशा टाकीत काळं दाढीसारखं शेवाळ मी अनेकदा पाहिलंय. गॅस दिवा लागण्याआधी एक-दोन तास सुरू करा, म्हणजे प्रकाश पडेल तेव्हा प्रमाण जमलेलं असेल. दिवा मालवण्याआधी तासभर बंद करा. रात्री झाडं सीओटू वापरत नाहीत, तीही मग माशांसारखी ऑक्सिजनच घेतात.

मासे हा माझ्या लेखी पहिला निकष. पाण्यात सीओटू फार झाला की माशाला रक्तातला सीओटू कल्ल्यांतून बाहेर टाकता येत नाही, रक्त आम्लधर्मी होतं आणि ऑक्सिजन धरण्याची त्याची ताकद घटते. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो तो असा. सीओटूने ऑक्सिजनची जागा घेतली, हा समज चुकीचा आहे. दोन्ही वायू एकाच पाण्यात भरपूर राहू शकतात. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग जरा हलता ठेवा, थोडा सीओटू उडाला तरी चालेल. कल्ले भराभर हलणं, मासे वर येऊन तोंड उघडणं, कोळंबी निपचित बसणं, यातलं काहीही दिसलं की गॅस ताबडतोब बंद, हवेचा पंप सुरू, आणि गरज पडली तर पाणी बदला. ड्रॉप चेकर हिरवा असला तरीही.

गॅस पहिल्यांदा सुरू कराल तो सुट्टीच्या दिवशी सकाळी करा आणि दिवा मालवेपर्यंत घरीच थांबा. वेग अगदी कमी ठेवा, पुढच्या दिवशी मासे स्वस्थ असतील तरच नीडल व्हॉल्व्ह किंचित उघडा. रंग हिरव्यावर यायला आठवडा लागला तरी लागू दे. जुनी पानं सुधारत नाहीत, शेंड्याची नवी पालवी बघून ठरवा. ती रुंद, स्वच्छ आणि दोन पेरांमध्ये कमी अंतर ठेवून येत असेल, तर व्हॉल्व्हला पुन्हा हात लावू नका.