खाजन जगतं ते मानशीवर

मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरतीचं पाणी मुखापासून जवळपास ५० किलोमीटर आत शिरतं. कुंभारजुव्याचा कालवा दोघींना मधेच जोडतो. अशा खाऱ्या पाण्याच्या जाळ्यात, भरतीच्या पातळीहूनही खाली, गोव्याचा शेतकरी शतकानुशतकं भात पिकवत आला आहे. या जमिनी म्हणजे खाजन, साधारण १८ हजार हेक्टर. १५२६ साली पोर्तुगीजांनी फोराल सनदेत गावकारीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमीन-कारभाराचे, रिवाज लिहून घेतले, तेव्हाही ही शेती जुनीच होती.

सगळी मदार मानशीवर, म्हणजे नदी अडवणाऱ्या बांधातल्या पाण्याच्या दारावर. बांधात चिऱ्यांचं तोंड बांधून त्याला ऐनाच्या लाकडाची दारं लावतात, फक्त नदीकडे उघडणारी. भरती आली की नदीच ती रेटून बंद करते. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. दिवसातून दोनदा, माणसाचा हात न लागता! आत पोंय, म्हणजे खोल चर, शेतातलं जादा पाणी साठवतो. पावसानं मीठ धुऊन निघालं की कोरगुटसारखं खारं सोसणारं भात पेरतात.

ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून कोळंबी, मासे धरतात आणि त्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. बिघाड इथूनच सुरू होतो. जास्त कोळंबीच्या हव्यासानं भरतीतही दार उघडं ठेवलं की पोंय तुडुंब भरतो, खारं पाणी शेतात चढतं आणि वेगानं घुसणारा प्रवाह बांधाचा पाया खातो. म्हणून दाराची चावी मासेवाल्याच्या हाती कधीही असू नये, शेतकऱ्याच्याच हाती असावी.

खेकड्यांची बिळं ही दुसरी डोकेदुखी. बीळ छोटं असतानाच चिखल ठासून बुजवावं. उधाणाला तेच भगदाड होतं. बांध फुटलाच तर डागडुजी भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत, ओहोटी लागताच सुरू करावी. दोन्ही बाजूंना खुंट ठोकायचे, मधे चिखल आणि भाताचा पेंढा थरावर थर दाबायचा, नदीच्या अंगाला चिरे रचायचे. नुसती माती टाकली तर पहिल्याच भरतीला वाहून जाते. खनिज वाहणाऱ्या बार्जच्या लाटांनीही बांध पोखरले आहेत.

कांदळवन बांधाबाहेर हवंच, लाटांचा जोर तेच मोडतं. पण दुर्लक्षित शेतात ते रुजलं की तोडायला कायद्याची आडकाठी येते आणि ते खाजन पुन्हा लागवडीखाली आणणं फार अवघड होऊन बसतं.