फेज टू बंद, मग झाडीत घुसलो : गुलमर्गचा एक दिवस

सकाळी तिकीट खिडकीवरच कळलं, वर वारं लई हाय, गोंडोल्याचं, म्हणजे रोपवेचं, फेज टू, अफरवट डोंगरावर नेणारा वरचा टप्पा, बंद. स्की करायला आलेल्या लाईनीतल्या निम्म्या लोकांची तोंडं उतरली, आमचे दाजी सोडून. दाजी बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत, नोकरीत असताना इथल्याच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये कोर्स केलेला माणूस, म्हणाले, "असू दे की. ढगात अफरवटवर जाऊन दिसणार काय तुला? आज झाडीत जाऊया."

बोलले ते खरंच होतं. ढगाळ उजेडात उघड्या उतारावर सगळं पांढरं एकसारखं दिसतंय, खड्डा कुठला उंचवटा कुठला कळतच नाही, झाडं असली की नजरेला आधार मिळतोय. शिवाय देवदाराच्या सावलीत ऊन-वारं पोचत नाही, म्हणून पडलेला बर्फ बरेच दिवस मऊ राहतो.

खरं दाजींनी थेट झाडीत काय नेलं नाही. आधी कोंगडोरीला, म्हणजे फेज वनच्या टोकाला, सुमारे ३०८० मीटरवर. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, त्यामुळं स्की बूट घालून चार पायऱ्या चढलं तरी भात्यासारखी छाती वरखाली व्हायलेली. तिथल्या पिस्टवर, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उतारावर, स्नो बीटर, म्हणजे बर्फ दाबून सपाट करणारं मशीन, फिरवलेलं होतं आणि बर्फावर बारीक बारीक सरळ रेघा उठलेल्या, त्यावरनं स्कीची कड टेकवली की खर्रर्र आवाज येतो आणि वळण आपोआप लागतंय. लोक या दाबलेल्या उताराला नवशिक्यांचा म्हणून नाक मुरडतात, मला ते पटत नाही. छोटी वळणं, एकाच लयीत, पाहिजे तिथं थांबणं, हे इथं पायात बसलं नाही तर झाडीत कुणी वाचवायला येणार नाही. सकाळ सगळी तिथंच गेली, मांड्या भरून आल्या.

चहा-मॅगी झाल्यावर गाईडबरोबर खालच्या बाबा रेशी दर्ग्याच्या बाजूला झाडीतनं उतरायला निघालो. आत शिरायच्या आधी त्यानं काठ्यांचे पट्टे मनगटातनं काढायला लावले, कारण काठी फांदीत अडकली की पट्ट्यासकट खांदाच ओढला जातो. मग एका देवदाराजवळ थांबून त्याच्या खालच्या फांद्यांत काठी खुपसून दाखवली, मूठसुद्धा आत गेली! बुंध्याभोवती फांद्यांच्या आडोशानं बर्फ पोकळ, भुसभुशीत राहतो, त्यात डोकं खाली पाय वर असा पडला तर स्वतःहून निघणं मुश्किल. म्हणून एकट्यानं जायचं नाही, जोडी करायची आणि सारखी हाक देत राहायचं. आम्ही दोघं मराठीत ओरडायलेलो, "दाजी, हाय काय?" "हाय, हाय, ये तू!" वरच्या फांद्यांवरची माकडं बघतच राहिली.

गाईड एकच सांगायचा, "पेड मत देखो, जगह देखो." झाडाकडं बघितलं की स्की तिकडंच जाते, मोकळ्या जागेकडं बघितलं की वाट सापडते. सुरुवातीला दर वळणाला थांबत होतो, मग एके ठिकाणी उतार जरा सैल झाला, झाडं लांब लांब आली, गुडघाभर मऊ बर्फ, आणि मधे न थांबता वळणं लागत गेली, फांदीला खांदा घासला की वरचा बर्फ सगळा मानेत. असली मजा सकाळच्या पिस्टवर नव्हती, हे कबूल. खरं ते पिस्टच नसतं तर ही पण नसती.

खाली बाबा रेशींच्या दर्ग्याजवळ रस्त्याला लागलो, तिथनं टॅक्सीनं वर. टॅक्सीत दाजींनी सॅकमधनं बेळगावचा कुंदा काढला, थंडीनं तो असला घट्ट झालेला की चमचा वाकला. गाईडनं तुकडा तोंडात टाकून विचारलं, "ये खोया है ना?" दाजींनी मग बेळगावातल्या शहापूरच्या हलवायांपासून सुरू केलं ते गुलमर्ग येईपर्यंत संपलं नाही.

जाणार असाल तर भाड्याचे बूट घाईत घेऊ नका. अर्धा तास घालून चालून बघा, नडगीला टोचत असेल तर बदलून मागा, दुकानदार देतात.