सॉकेट सापडेपर्यंत सही नाही

विमानाच्या तपासणीची यादी वाचा. अमुक भाग जागेवर आहे का, घट्ट आहे का, झिजलाय का, हेच ती विचारत राहते. जे तिथं असायलाच नको, ते बघायला नजरेला वेगळी सवय लावावी लागते. मला ती लागली कराडच्या विमानतळावर, एका प्रशिक्षण विमानाच्या, दर शंभर तास उडाल्यावर होणाऱ्या तपासणीत.

मी पलूसची. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनियरच्या लायसन्ससाठी लागणारा प्रत्यक्ष कामाचा अनुभव तिथं घेत होते. ह्युमन फॅक्टर्सचा, म्हणजे कामात माणसाच्या हातून चुका कशा होतात याचा पेपर सुटला होता, त्यामुळे हत्यारं मोजण्याचं महत्त्व तोंडपाठ होतं.

संध्याकाळी पॅनेलं बसवून झाली आणि मोजणी सुरू केली. ट्रॉलीच्या फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या मापाची खाच असते. ३/८ च्या सॉकेटची, म्हणजे नट-बोल्ट फिरवायच्या वाटीची, खाच रिकामी! सकाळी विमान उडायचं होतं. कुणीतरी म्हणालं, “बाहेर घरंगळला असंल, उद्या नवा आणू.” आमच्या सरांनी पेन खिशात ठेवलं. “सापडंस्तवर सही न्हाई. पोरी, पॅनेलं उघड.”

आधी हँगरची फरशी, मग कचऱ्याचा डबा, ग्रीसची फडकी, सगळ्यांचे खिसे. मग विमान. केबिनच्या जमिनीखालून एलेव्हेटरच्या, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीच्या, केबल शेपटीकडे जातात. विमान उभं असताना सॉकेट निमूट पडून राहील, पण उड्डाणात नाक वर झालं की तो मागं सरकणार. पुली किंवा बेलक्रँकमध्ये (ओढीची दिशा वळवणाऱ्या तरफेत) अडकला, तर पायलटनं कितीही ओढलं तरी कंट्रोल हलायचा नाही. हे डोक्यात असल्यावर घरी जायची घाई कुणालाच राहिली नाही.

मी टॉर्च सरळ खाली मारत होते. पत्रा नुसता चकाकत होता. सर म्हणाले, “आडवा धर, पत्र्याला टेकवून.” तसा धरला आणि प्रत्येक बारीक वस्तूची लांब सावली पडली. रुपयाचं नाणं. पेनचं टोपण. लॉकवायरचा, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून बांधायच्या तारेचा तुकडा. कोपऱ्यात कुंभारमाशीचं वाळलेलं मातीचं घर. नाण्यावर धुळीचा जाड थर होता, म्हणजे ते आजचं नव्हतं. आधीच्या तपासण्यांच्या कागदांवर मात्र रीतसर सह्या होत्या. मला फार राग आला. पण त्या लोकांनी बघितलंच नाही, असं मला वाटत नाही. त्यांनी केबल बघितली, पुली बघितली, दोन्ही ठीक होत्या. नाण्याबद्दल यादीत ओळच नव्हती.

मोठ्या कंपन्यांतही हे घडतं. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटासच्या ए३८० च्या इंजिनात १.२५ मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार राहून गेलं. ते सापडेपर्यंत विमानानं ३४ उड्डाणं केली. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. १९९६ मध्ये पेरूच्या बोइंग ७५७ चं तसं झालं नाही. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली, रात्री उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसू लागले आणि ७० माणसं गेली.

आमचा सॉकेट अखेर आरशात दिसला. पुलीच्या ब्रॅकेटमागं, ग्रीसनं पत्र्याला चिकटलेला. बाहेर काढून खाचेत बसवला. मग सगळे कंट्रोल टोकापासून टोकापर्यंत हलवून बघितले, दुसऱ्या इंजिनियरनं स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा कुठं सही झाली. सकाळचं उड्डाण दुपारवर गेलं.

नाणं, टोपण आणि तार पिशवीत घालून, कुठं सापडलं ते लिहून मी नोंद केली. बाकीच्या विमानांची जमीन पुढच्या तपासणीची वाट न बघता उघडावी, असं सरांना लेखी दिलं. त्यातल्या एकाची उघडून झाली आहे. त्यात दोन स्क्रू निघाले.