घरच्या बाळंतपणाआधी लिफ्ट मोजा

पुण्यात घरी बाळंतपण करायचा विचार करणारी जोडपी आधी विचारतात, "हे कायदेशीर आहे का?" उत्तर सरळ आहे. स्वतःच्या घरी बाळंत व्हायला भारतात बंदी नाही. आईला शिक्षा नाही, आणि बाळाचा जन्मदाखलाही अडत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि सगळी सरकारी घडी त्यांच्यासाठीच बसवलेली आहे. घरच्या बाळंतपणाची घडी तुम्हालाच बसवावी लागते, आणि ते काम सातव्या महिन्यात हातात घ्यायचं असतं.

कायदा घराबद्दल काही म्हणत नाही. बाळंतपण करायला जी बाई येते, तिच्याबद्दल मात्र म्हणतो. महाराष्ट्रात परिचारिका किंवा प्रसाविका म्हणून काम करायला १९६६ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. केंद्राने १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा बदलण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा आणला. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणाऱ्याला त्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याआधी, २०१८ मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मिडवाइफरी, म्हणजे प्रसाविकांच्या, सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सिंग झालेल्यांना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन मिडवाइफ तयार करायच्या, असं त्यांत आहे. पण या मिडवाइफ सरकारी रुग्णालयांतल्या प्रसूती विभागांसाठी आहेत. घरोघरी जाऊन स्वतंत्रपणे बाळंतपण करणारीसाठी स्वतंत्र परवाना आपल्याकडे नाही. म्हणून तपासणीचं ओझं आईबापांवर येतं, आणि हे आम्हाला मनापासून खटकतं.

पहिल्याच भेटीत नोंदणी क्रमांक मागा आणि नूतनीकरण झालंय का ते बघा. परदेशी मिडवाइफरीचं प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी ते इथल्या नोंदणीची जागा घेत नाही. डूला ही आधार देणारी सोबतीण असते. ठोके ऐकणं, आतली तपासणी, इंजेक्शन हे तिचं काम नाही. अनुभवी सुईणीचा हात मायेचा असतो, हे आम्हाला मान्य आहे. पण रक्तस्राव थांबवायचं औषध आणि ते द्यायचा अधिकार तिच्याकडे नसतो.

आणखी दोन गोष्टी फारशा कुणी सांगत नाही. मिडवाइफ "माझ्या बंगल्यावर या, तिथे खोली आहे" म्हणाली, तर ते घरचं बाळंतपण राहत नाही. ते प्रसूतिगृह ठरतं आणि त्याला १९४९ च्या महाराष्ट्र नर्सिंग होम्स नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. दुसरी गोष्ट भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ची. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, इतरांना पाच वर्षांपर्यंत. मिडवाइफ त्या 'डॉक्टर'च्या व्याख्येत बसत नाही. म्हणून जबाबदारीने काम करणारी मिडवाइफ केस घेताना काटेकोर असते आणि बऱ्याच जणींना नकार देते. सगळ्यांना होकार देणारीपासून लांब राहा.

नकार कुणाला मिळायला हवा? आधीचं सिझर, जुळी, पायाळू बाळ, गर्भाशयात खाली असलेली वार (प्लासेंटा), १४०/९० किंवा वर गेलेलं बीपी, मधुमेह, बरंच कमी हिमोग्लोबिन, ३७ आठवड्यांआधी सुरू झालेल्या कळा. यांतलं एक जरी असेल तरी दवाखाना. पहिलटकरणीचं काय? इंग्लंडमध्ये २०११ साली कमी जोखमीच्या चौसष्ट हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलं मूल घरी व्हावं असं ठरवलेल्यांमध्ये बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हजारी ९.३ होतं, डॉक्टरांच्या प्रसूती विभागात हजारी ५.३. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत असा फरक दिसला नाही. पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्क्यांना दवाखान्यात हलवावं लागलं, इतरांपैकी सुमारे १२ टक्क्यांना. आणि हे मिडवाइफ आरोग्यव्यवस्थेचाच भाग असलेल्या देशातले आकडे आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: पुण्यात पहिलं बाळंतपण घरी करू नये. एक बाळंतपण सुरळीत झालंय, आत्ता सगळं नॉर्मल आहे आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) असलेला दवाखाना खरोखर जवळ आहे, अशीच बाई याचा विचार करू शकते.

'जवळ' हे किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांत मोजा. "न्यावं लागेल" असं मिडवाइफने म्हटल्यापासून ओटीच्या दारापर्यंत किती वेळ लागतो, ते संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला प्रत्यक्ष जाऊन बघा. सिंहगड रोड, वाघोली, हिंजवडी इथला त्या वेळचा रस्ता आणि पहाटे चारचा रस्ता यांची तुलना होत नाही. तारीख गणपतीत येत असेल आणि घर पेठांत असेल, तर विसर्जनाच्या दिवशी गाडी दारापर्यंत येईल हे गृहीतच धरू नका. पालखीच्या मुक्कामाचे दिवसही तसेच.

मग इमारत. सोसायटीतल्या बऱ्याच लिफ्टमध्ये आडवं स्ट्रेचर मावत नाही. टेप घेऊन लिफ्टची आतली लांबी मोजा. स्ट्रेचर मावत नसेल तर हात असलेली मजबूत खुर्ची ठरवून ठेवा आणि दोन धडधाकट माणसांना जिन्यावरून ती रिकामी उतरवायला लावा. वळणावर खुर्ची अडकते, ते त्या वेळीच कळतं. रात्री गेटला कुलूप असतं का, वॉचमनचा नंबर कोणाकडे आहे, १०८ ला सांगायची खूण कोणती, हे कागदावर लिहून दारामागे चिकटवा. गरोदर बाईला न्यायला सरकारी १०२ ही आहे, पण तातडीच्या वेळी आधी १०८.

दवाखान्यात नाव आधीच नोंदवा. फाइल नसलेली बाई मध्यरात्री आणली की रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी सगळं पहिल्यापासून तपासतात आणि वेळ जातो. ३४-३६ आठवड्यांपर्यंत एका स्त्रीरोगतज्ज्ञाला विश्वासात घेऊन "घरी ठरवलंय, अडलं तर तुमच्याकडे आणू" असं स्पष्ट सांगा. बरेच डॉक्टर नाही म्हणतील. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्याशी मिडवाइफचं फोनवर बोलणं करून द्या. ही सोय झाली नाही तर बेत सोडून द्या.

मिडवाइफची बॅग तुमच्यासमोर उघडायला लावा. गर्भाशय आकसवून रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन १० युनिट, बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात मांडीत द्यायचं. हे प्रिस्क्रिप्शनवरचं औषध आहे आणि २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. फ्रिजच्या दारात नाही आणि फ्रीझरला टेकूनही नाही, मधल्या कप्प्यात. वीज तासन्‌तास जात असेल तर त्याची शक्ती जाते, आणि ऐनवेळी इंजेक्शन देऊनही गर्भाशय सैलच राहतं. जोडीला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड असावं. बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग, ० आणि १ नंबरचे मास्क. ठोके ऐकायला डॉपलर: कळा जोमात आल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर करताना दर पाच मिनिटांनी, कळ संपल्यावर पूर्ण मिनिटभर. ठोके ११० च्या खाली किंवा १६० च्या वर टिकले, बाळाने पोटातच शी करून पाणी घट्ट हिरवं झालं, ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर वाट न बघता निघायचं.

बाळंतिणीचा जीव बहुतेकदा रक्तस्रावाने धोक्यात येतो, आणि नजरेचा अंदाज कायम कमी निघतो. यावर उपाय स्वयंपाकघरातला वजनकाटा. पॅड आणि खाली घालायची कापडं आधी कोरडी वजन करून आकडा लिहून ठेवा, नंतर भिजलेली वजन करा. वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलीटर रक्त. ५०० च्या पुढे गेलं की उपचार सुरू करून १०८. लघवी तुंबली तरी गर्भाशय आकसत नाही, म्हणून आधी लघवी करायला लावायची. वार अर्ध्या तासात पडली नाही तर हलवायचं. ती नाळ धरून ओढणारी बाई घरात नको.

बाळ आलं की पंखा, एसी बंद. कोरड्या टॉवेलने पुसायचं, टॉवेल बदलायचा, आईच्या छातीवर उघडं ठेवायचं. रडलं नाही, श्वास नाही, तर पहिल्याच मिनिटात बॅग-मास्क सुरू व्हायला हवा. म्हणून आई आणि बाळ दोघांना एकाच वेळी सांभाळायला प्रशिक्षित माणसं दोन लागतात. एकटी येणारी मिडवाइफ कितीही हुशार असली तरी तिचे हात दोनच. नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधा. आंघोळ २४ तासांनंतर. मध, गुटी, नाळेवर हळद यांतलं काहीही नको. आजी रागावतील, त्यांना आधीच समजावून ठेवा.

घरी झालेल्या बाळाच्या लशी हमखास मागे पडतात. कावीळ बीची पहिली मात्रा २४ तासांत, सोबत पोलिओचे थेंब आणि बीसीजी, शिवाय व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर बाळाचा रक्तगट लगेच तपासा. पॉझिटिव्ह निघाला तर आईला ॲन्टी-डी इंजेक्शन ७२ तासांत. पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं तर थेट बालरोगतज्ज्ञ. घरी जन्मलेल्या बाळासाठी आशाताईंच्या सात भेटी ठरलेल्या आहेत, पहिली पहिल्याच दिवशी. जवळच्या महापालिका दवाखान्यात आधी कळवून ठेवा.

जन्माची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांत करायची. दवाखाना नसल्यामुळे ही जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षभरापर्यंत लेखी परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला लागतो, म्हणून दिरंगाई नको. माता-बाल संरक्षण कार्ड, गरोदरपणातले रिपोर्ट, आईबापांचं आधार आणि मिडवाइफचं सही-नोंदणी क्रमांकासह पत्र बरोबर न्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव पुढे घालता येतं. याच कायद्याच्या कलम १० नुसार जन्माची माहिती निबंधकांना कळवणं हे बाळंतपण करणाऱ्या प्रसाविकेचंही कर्तव्य आहे. तेव्हा "माझं नाव कुठे येऊ देऊ नका" असं ती आधीच म्हणाली, तर तिला पुन्हा बोलावू नका.