डिसेंबरातली रंगीत तालीम

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आमच्या गावात थँक्सगिव्हिंग संपलं की लेकीच्या बॅले शाळेत ‘नटक्रॅकर’ या नाताळच्या बॅलेची धामधूम सुरू व्हायची. इकडच्या बॅले शाळांचं हेच गॅदरिंग. अगदी लहान मुलं उंदीर, थोडी मोठी झाली की सैनिक, मग पहिल्या अंकातल्या ख्रिसमस पार्टीतली मुलं. आम्हा आयांकडे आंबाडे असायचे. जेल लावून केस चापून बसवायचे, वर जाळी, मग आकड्यांवर आकडे.

रंगीत तालमीला मुलं चुळबुळू लागली की बाई गोष्टी सांगायच्या, त्या आम्हीही कान देऊन ऐकायचो. या बॅलेचा पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात १८ डिसेंबर १८९२ रोजी झाला. समीक्षकांनी तो झोडपला. पहिल्या अंकात नुसती पोरंच पोरं आणि मुख्य नर्तिकेला मोठा नाच मिळतो तो पार शेवटाकडे, ही त्यांची तक्रार. मला तर वाटतं, त्या पोरांमुळेच हा बॅले टिकला. दुसऱ्या कुठल्या मोठ्या बॅलेत इतक्या चिमुरड्यांना रंगमंचावर जागा मिळते?

शुगर प्लम परीचा नाच सुरू झाला की विंगेतले उंदीरसुद्धा गप्प व्हायचे. ती किणकिण चेलेस्टाची. दिसायला छोटा पियानो, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या. या बॅलेचे संगीतकार चायकोव्हस्की, त्यांना हे नवं वाद्य पॅरिसमध्ये सापडलं. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह हे दुसरे रशियन संगीतकार आपल्याआधी ते वापरतील या धास्तीनं त्यांनी प्रकाशकाला ही गोष्ट गुप्त ठेवायला लिहिलं होतं. एवढ्या मोठ्या संगीतकाराची ही धास्ती मुलांना फार आवडायची.

बर्फाच्या नाचात वरून कागदाचे कपटे पडायचे. प्रयोगानंतर आम्ही ते झाडून गोळा करायचो आणि त्यातले केसांचे आकडे वेचून काढायचो, कारण तोच बर्फ उद्या पुन्हा नाचणाऱ्यांच्या डोक्यावर पडायचा.

अमेरिकेतला पहिला संपूर्ण ‘नटक्रॅकर’ही आमच्या शेजारचाच: १९४४ च्या नाताळात, ऐन युद्धात, सॅन फ्रान्सिस्को बॅलेनं केलेला. बाई हे दरवर्षी अभिमानानं सांगायच्या. लेक आता कॉलेजला दुसऱ्या गावी असते. मी मात्र अजून डिसेंबरात आंबाडे घालायला जाते. उंदरांची नवी तुकडी दरवर्षी असतेच.