एकशेबेचाळीसची गेम

नौपाड्यात माझं छोटंसं दुकान आहे. जुन्या ऑडिओ कॅसेट आणि व्हीएचएस टेप मी संगणकावर उतरवून देते. लग्नं, मुंजी, आजोबांची कीर्तनं, सोसायटीच्या गणपतीतली नाटकं. अधूनमधून एखादं गिऱ्हाईक कॅसेट पुढे करून म्हणतं, "ही टाकून द्या, खराब झालीय, नुसती किंचाळते." अशी कॅसेट मी कधीच टाकत नाही. आधी हेडफोन लावते. सुरुवातीला पाच सेकंद एकाच सुरातली शिट्टी, मग क्षणभर खरखर, थोडी शांतता, पुन्हा छोटी शिट्टी आणि त्यानंतर काही मिनिटं कर्कश आवाज असा क्रम असेल, तर कॅसेटला काहीही झालेलं नसतं. तिच्यावर कॉम्प्युटरचा प्रोग्राम असतो.

ती शिट्टी झेडएक्स स्पेक्ट्रमची. सिंक्लेअर कंपनीने हा कॉम्प्युटर १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आणला आणि पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन त्याची 'स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ती आपल्याकडे विकली. पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि डिस्कच्या जागी घरातलाच टेपरेकॉर्डर. शून्य लिहायचं तर दोन आखूड ठोके, एक लिहायचा तर त्याच्या दुप्पट लांबीचे दोन. कानाला ते साधारण दोन हजार आणि एक हजार हर्ट्झचे सूर वाटतात. ४८ के मेमरी भरेल एवढी गेम अशा ठोक्यांनी उतरायला पाचेक मिनिटं लागत. या गेम म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या इतिहासाचा भाग आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तो बुरशीने खाऊन जाण्याआधी उतरवून ठेवला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी एक काकू आल्या, बरोबर त्यांची पन्नाशीची मुलगी. काकू ऐंशीच्या घरातल्या, ठाण्यातल्याच एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. स्पेक्ट्रम त्यांनीच आणला होता. ते गेल्यावर कपाट आवरताना एकच कॅसेट सापडली. तिच्या कार्डावर गेमचं एकही नाव नव्हतं. बारीक अक्षरात नुसते आकडे होते: ०, ६८, १४२, २१०.

"हे टेपरेकॉर्डरच्या काउंटरचे आकडे, फीत किती पुढे गेली ते दाखवणारे," मुलगी म्हणाली. "बाबा कुणाकुणाकडून गेम कॉपी करून आणायचे. आम्ही आकड्यांनीच ओळखायचो. शून्याची, अडुसष्टची."

"मला एकशेबेचाळीसची हवीय," काकू म्हणाल्या. "बाकीच्या नाही चालल्या तरी चालतील."

कॅसेटवर पांढरी बुरशी होती. ठाण्याच्या दमट हवेत बंद कपाटातल्या टेपचं हेच होतं. फीत नव्या कवचात घातली, मऊ कापडातून हळूहळू पुढे-मागे फिरवून साफ केली. मग हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू किंचित फिरवत कोन जुळवला. मूळ रेकॉर्डिंग ज्या मशीनवर झालं त्याचं हेड जरा तिरकं असेल, तर आपल्या मशीनवर वरचे सूर दबतात आणि आखूड ठोके वाचता येत नाहीत. गाण्यात हे कानाला फारसं जाणवत नाही, प्रोग्राममध्ये मात्र एक ठोका चुकला की सगळं फसतं. आवाज स्वच्छ करणारी सगळी यंत्रणा अशा वेळी मी बंद ठेवते. गाण्यातली खरखर काढायला बनवलेल्या गोष्टी इथे माहितीच पुसतात.

शून्याची गेम नीट उतरली. ती जेटपॅक निघाली, १९८३ ची, रॉकेटचे भाग जोडून त्यात इंधन भरायचं. "ही मुलाची," काकू म्हणाल्या आणि पुढे बघू लागल्या. अडुसष्टचीही वाचता आली. प्रत्येक टेपरेकॉर्डरचा काउंटर वेगळ्या गतीने फिरतो, म्हणून आधीच्या दोन जागांवरून हिशेब करून मी एकशेबेचाळीसच्या आसपास पोहोचले. तिथे लागल्या आकाशवाणीवरच्या मराठी बातम्या. कुणीतरी कधीतरी चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं होतं. मिनिटभराने निवेदक अर्ध्या वाक्यात तुटला आणि मधूनच कर्कश खरखर सुरू झाली.

स्पेक्ट्रमच्या टेपवर प्रत्येक भागाच्या आधी छोटा मथळा असतो. त्यात प्रोग्रामचं दहा अक्षरांपर्यंतचं नाव लिहिलेलं असतं. ते नाव बातम्यांखाली गेलं होतं. उरलेल्या भागातही बुरशीने जागोजागी भोकं पाडली होती. एवढ्यावर गेम चालणं शक्य नव्हतं. पण गेम ओळखता आली, तर तिची चांगली प्रत मिळवता आली असती. स्पेक्ट्रमच्या हजारो गेम जगभरच्या चाहत्यांनी जतन करून ठेवल्या आहेत.

मग मी दोघींना समोर बसवून विचारायला लागले. अशा वेळी "गेम कशी होती?" हा प्रश्न सगळ्यात निरुपयोगी. त्याचं उत्तर सगळे सारखंच देतात: एक माणूस होता, पळायचा, उड्या मारायचा. मी विचारते, मेल्यावर काय व्हायचं? कशाची भीती वाटायची? घरात भांडण कशावरून व्हायचं? माणूस गेमचं चित्र विसरतो, पण भांडण सहसा विसरत नाही.

मुलगी म्हणाली, "भुलभुलैया होता. हातात तलवार. खजिना शोधायचा. आणि पिवळी वाट."

"पांढरी," काकू म्हणाल्या.

"पिवळी गं आई."

"आपल्याकडे कुठे रंग होता? पांढरी होती. भिंतीत माणसं अडकवलेली होती. त्यांच्यापाशी गेलं की ती थोडा वेळ वाट दाखवायची. मग वाट नाहीशी."

आपल्याकडे टीव्हीवर रंग आला १९८२ च्या एशियाडच्या सुमारास, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं कितीतरी घरांत काळा-पांढराच टीव्ही होता. त्यामुळे रंगावरून गेम ओळखणं भारतात अवघड जातं. पण इथे दोघी दोन रंग सांगत होत्या आणि दोघी ठाम होत्या. दोन साक्षीदार जुळत नाहीत तेव्हा एकाला खोटं ठरवायची घाई केली, तर हाती आलेला पुरावा वाया जातो. मी मुलीला विचारलं, "ही गेम घराबाहेर कुठे खेळलात का?"

तिला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "दिवाळीत आत्याकडे दादरला. बाबा कॉम्प्युटर पिशवीत घालून न्यायचे. आत्याकडे कलर होता!"

दोघींचं बरोबर होतं. स्पेक्ट्रमचे रंग शून्य ते सात अशा क्रमाने लावलेले आहेत. काळा शून्य, पांढरा सात, आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ते क्रमाने उजळत जाणारे करडे दिसतात. पिवळा सहावा, पांढऱ्याच्या लगेच खालचा. नौपाड्यातल्या घरात जी वाट काकूंना पांढरी दिसत होती, तीच दादरला लेकीला पिवळी दिसली होती.

तलवार आणि भुलभुलैया म्हटल्यावर पहिलं नाव समोर येतं ते सेबर वुल्फ. १९८४ ची गेम, २५६ पडद्यांचं जंगल, हातात तलवार, शोधायचे एका ताईताचे तुकडे. मी पडद्यावर तिचं चित्र दाखवलं. मुलगी घुटमळली. काकूंनी मान हलवली.

"आमची तलवार एकदाच चालायची. एक राक्षस मारला की संपली. मग दुसरी शोधायची. बिनतलवारीचं सापडलात तर बहुतेक मेलातच. आणि खजिना उचलला की तलवार धरता यायची नाही. परत येताना जीव मुठीत."

एवढं तपशीलवार सांगणारी व्यक्ती नुसती बघत बसलेली नसणार, ती कीबोर्डवर असणार. मी विचारलं, "काकू, तुम्ही खेळायचात?"

मुलगी हसली. "आम्ही झोपलो की आई बसायची. नकाशे काढायची. आणि सगळे चुकीचे! दुसऱ्या दिवशी आम्ही आईच्या नकाशावरून जायचो, चार पावलांत भिंत. दादा अजून चिडवतो, गणिताच्या बाईंचा नकाशा म्हणून."

काकू हसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकच्या फाइलमधला गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. आलेख कागद, शाळेत मिळतात तसे. पेन्सिलीने काढलेल्या वाटा, लाल पेन्सिलीने बंद गल्ल्यांवर फुल्या, खजिन्याच्या जागी गोल. प्रत्येकावर तारीख. काहींच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'पुन्हा तपासले.'

"माझं कुठे चुकत होतं ते मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "म्हणून ती गेम हवीय. मी एकेक घर मोजून काढत होते गं."

मी ते कागद टेबलावर पसरले आणि पाऊस थांबेपर्यंत बघत राहिले. कुठेही वाट अधांतरी सुटलेली नव्हती, कुठे दोन गल्ल्या एकमेकींवर चढलेल्या नव्हत्या. असा नकाशा चुकीचा मोजणाऱ्याच्या हातून निघत नाही. प्रत्येक नकाशा आपल्यापुरता पक्का होता. फक्त एकही नकाशा दुसऱ्याशी जुळत नव्हता. सुरुवातीलाच वाटा वेगळ्या, आणि खजिना दर वेळी दुसऱ्या कोपऱ्यात.

त्या काळातल्या बहुतेक गेमचा नकाशा पक्का असतो. सेबर वुल्फचं जंगल आजही तसंच आहे, अ‍ॅटिक अ‍ॅटॅकचा किल्लाही. त्यांचे नकाशे तेव्हा मासिकांत छापून यायचे. प्रत्येक डावाला भुलभुलैया नव्याने रचणाऱ्या गेम मोजक्या. त्यात भिंतीतले कैदी आणि एकदाच चालणारी तलवार धरली, की एकाच माणसाचं नाव उरतं: डॉन प्रिस्टली. त्याच्या अशा दोन गेम आहेत. १९८२ ची मॅझॉग्ज, ती स्पेक्ट्रमच्या आधीच्या झेडएक्स ८१ साठी, आणि १९८३ ची मॅझियाक्स, स्पेक्ट्रमसाठी. कल्पना दोन्हींत जवळपास एकच. झेडएक्स ८१ ला रंग नव्हते. काकूंच्या 'पांढऱ्या' वाटेवरच थांबले असते, तर मॅझॉग्जकडे गेले असते. पण दादरची पिवळी वाट होती, आणि टेपवरचा आवाजही स्पेक्ट्रमचाच होता. झेडएक्स ८१ च्या टेपवर आधीची ती लांब शिट्टी नसते.

मॅझियाक्सची जतन केलेली प्रत मिळाली. पण नुसत्या वर्णनावर मला थांबायचं नव्हतं. टेपवर बातम्यांनंतर उरलेले ठोके मी शून्य-एकमध्ये उतरवले. आठ शून्य-एकांचा गट म्हणजे एक बाइट, आणि सुरुवातच नसल्यामुळे बाइट कुठून सुरू होतो ते कळत नाही. आठ शक्यता असतात, एकेक घर सरकवत आठही बघायच्या. मग त्यातली एक मालिका प्रतीशी जुळू लागली. बुरशीच्या भोकापर्यंत जुळली, भोकापलीकडे पुन्हा जुळली. एकशेबेचाळीसवर मॅझियाक्सच होती. आता तिथे शंकेला जागा उरली नाही.

एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, गेम लावली. काकूंनी खुर्ची जवळ ओढली, चष्मा बदलला. पहिला कैदी भिंतीत दिसला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण बोटं टेबलावर कळा दाबल्यासारखी हलत होती. त्याच्यापाशी गेल्यावर वाट पिवळी उजळली. लेकीने आईकडे बघितलं. मी रंग बंद करून पडदा करड्या छटांवर आणला. "आता बरोबर," काकू म्हणाल्या.

मी डाव सोडून दिला आणि नवा सुरू केला. सुरुवातीच्याच वाटा बदललेल्या. पुन्हा नवा. पुन्हा बदललेल्या.

"काकू, ही गेम दर डावाला भुलभुलैया नवीन बनवते. साठवून ठेवलेला नकाशा तिच्यात नाहीच. तुमचे नकाशे त्या त्या रात्रीचे आहेत."

त्या बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. मग विचारलं, "कसं बनवते?" मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. कॉम्प्युटरला यादृच्छिक संख्या देता येते आणि त्या संख्यांवरून वाटा पडतात. त्यांना ते लगेच कळलं. पण उत्तराने समाधान झालं नाही. खजिन्यापर्यंत वाट नक्की जाईल याची खात्री तो प्रोग्राम कशी करतो, हे त्यांना हवं होतं. मी म्हटलं, बघून सांगते. तो प्रश्न अजून माझ्याकडे आहे, आणि प्रोग्रामचे बाइट उलगडत मी त्याच्या मागे लागले आहे.

मुलीने नेरुळला भावाला फोन लावला, स्पीकरवर. तिने सगळं सांगितलं. तिकडे क्षणभर काही नाही. मग तो म्हणाला, "म्हणजे आईचे सगळे बरोबर होते?"

"सगळे," मुलगी म्हणाली.

"आई, फेकले नाहीस ना ते कागद?"

"फेकायला काय झालं," काकू म्हणाल्या. "तुझ्या त्या रॉकेटचीही गेम मिळालीय. येऊन ने."

नकाशे स्कॅन करून घ्यायची परवानगी मी मागितली. त्यांनी दिली, मूळ कागद मात्र परत फाइलमध्ये घातले, तारखांच्या क्रमाने. उठताना त्यांनी कार्डावरच्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"आता दोनशेदहाची बघ. ती यांची होती. मी कधी खेळले नाही, पण रात्री स्वयंपाकघरात आवाज ऐकू यायचा. विमानासारखा होता. चल, विचार काय विचारायचं ते."